पत्थरगट्टीवरची हाक

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. यात माझी हुशारी थोडी आणि इतरांचे उपकार जास्त, हे आधीच सांगून टाकतो. भोकरदनच्या शाळेतल्या गुरुजींनी माझ्या बापाला भंडावून सोडलं, म्हणून मी गुरांमागून सुटलो. जालन्याला एका वकिलांनी आपल्या ओसरीवर मला राहू दिलं, तिथं मी मॅट्रिक झालो. पुढे हैदराबादला कॉलेजात गेलो, तिथं सगळं शिक्षण उर्दूतून. माझी उर्दू अडखळती होती. एका प्रोफेसरांनी रोज संध्याकाळी घरी बोलावून ती माझ्याकडून घोटून घेतली. त्यांच्या घरचा चहा आणि त्यांची चिडचिड, दोन्ही मी अजून विसरलेलो नाही.

पदवीदानाचा समारंभ हिवाळ्यात झाला. मी गावाकडे निरोप धाडला आणि माय आणि बा खरोखरच आले. दोघांनी त्याआधी आगगाडी पाहिली होती ती जालन्याच्या फाटकापाशी उभं राहून, बाहेरून. पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडे आमचं गाव. तिथून बैलगाडीनं जालना, बैलगाडी तिथल्या पाहुण्यांकडे ठेवली आणि मग आगगाडी. काचीगुड्याच्या स्टेशनवर उतरले तेव्हा बाच्या खांद्यावर घोंगडी होती आणि मायच्या डोक्यावर भाकरीचं गाठोडं. लेक एवढ्या दूर राहतो तर तिथं पीठ मिळत असेल की नाही, अशी तिला शंका होती.

समारंभात दोघं अगदी मागे बसली होती. मी झगा घालून बाहेर आलो तेव्हा मायचा चेहरा उतरला. चांगल्या कामाला काळं कशाला नेसवलं, असं तिनं विचारलं. सगळ्यांनाच घालायला देतात, संध्याकाळी परत करायचा असतो, असं सांगितल्यावर तिला हायसं वाटलं. तिनं तिथल्या तिथं माझ्यावरून बोटं मोडली आणि मी शरमेनं इकडेतिकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी संध्याकाळची होती. दिवस मोकळा होता. मी ठरवलं की यांना पत्थरगट्टी दाखवायची आणि मायला एक लोकरीची शाल घेऊन द्यायची. आमच्याकडची थंडी हैदराबादेपेक्षा कडक असते, आणि माय उभा हिवाळा पदर लपेटून काढायची.

ज्यांनी त्या काळची पत्थरगट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुसीवरचा पूल ओलांडून चारमिनारकडे निघालं की रस्ता एकदम रुंद व्हायचा. दोन्ही अंगांना एकसारख्या दगडी कमानींची रांग, कमानींच्या आत सावलीची पायवाट आणि त्या पायवाटेला लागून दुकानं. बनारसी कापड, मोती, अत्तर, घड्याळं, विलायती जोडे. मधून मोटारी, टांगे आणि सायकली. मी पहिल्यांदा आलो तेव्हा तासभर एका खांबाला टेकून नुसता उभा होतो, मग माय आणि बाचं काय झालं असेल? दोघं हरखून गेली असं म्हणता येणार नाही. धसकली होती.

मायला सगळ्यात मोठा धक्का बसला तो जोड्यांच्या दुकानाचा. काचेच्या कपाटात, दिव्याखाली, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर जोडे मांडून ठेवले होते. आमच्या घरात वहाणा उंबऱ्याबाहेर, त्याही पालथ्या पडल्या तर भांडण होतं म्हणून सरळ करून ठेवायच्या. ती काचेजवळ गेली, परत आली, मला म्हणाली की अरे, देवाच्या जागी जोडे बसवलेत.

बाची तऱ्हा वेगळी. दुकानांच्या दारात पोरं उभी असायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "आइए चौधरी साब, आइए" म्हणून बोलवायची. ते बोलावणं सगळ्यांनाच असतं, हे बाला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे कुणी ओट्यावरून हाक मारली आणि आपण उत्तर न देता गेलो तर तो मोठा अपमान. त्यामुळे बा प्रत्येक दुकानापुढे थांबायचा, छातीला हात लावायचा आणि सांगायचा, "आता न्हाई दादा, येताना येतो." दहा पावलं झाली की पुन्हा तेच. एका अत्तरवाल्याला त्यानं गावाकडे यायचं आवतणसुद्धा दिलं. मी दोनदा त्याला समजावलं. तो म्हणाला, "हाक मारली तर ओ द्यावी लागती. आपुन काय बहिरे हाओत का?"

आम्ही दोघं पुढे चालत होतो आणि माय मागे. घरच्या पुरुषाच्या बरोबरीनं रस्त्यानं चालायची तिला सवय नव्हती. ती चारसहा पावलं मागे राहायची आणि तिच्या जोडव्यांचा आवाज फरशीवर येत राहायचा. त्या आवाजामुळे मागे वळून बघायची आम्हाला कधी गरज वाटत नसे.

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण हल्लीच्या पोरांना ती खोटी वाटते. माझ्या मायनं बाचं नाव कधीही घेतलं नव्हतं. नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य कमी होतं, असं ती अगदी मनापासून मानायची. लग्नकार्यात बाया उखाण्यात नाव घेतात, पण तिथंही माय मागच्या मागे उठून चुलीकडे जायची. तिच्या स्वतःच्या लग्नात ती इतकी लहान होती की तिचा उखाणा मामीनंच म्हणून टाकला, असं आजी सांगायची. बाचं नाव एका देवाचं होतं. त्या देवाचं देऊळ गावात होतं, त्यालाही ती "वरच्या आळीचा देव" म्हणायची. आणि माझं नाव आजोबांचं ठेवलेलं. सासऱ्याचं नाव म्हणजे तर त्याहून जड, म्हणून मी जन्मापासून तिचा "बाळा". बाला ती "अवं" म्हणायची. एवढ्यावर तिचा संसार चालला होता, आणि गावात कधी काही अडलं नाही.

चारमिनारजवळच्या चारकमानीच्या थोडं अलीकडे आलो तेव्हा एकाएकी शिट्ट्या वाजल्या. कुणा बड्या नवाबाची मोटार येणार होती. पोलिसांनी रस्ता मोकळा करायला घेतला. रस्त्यावरची माणसं दोन्हीकडच्या कमानींत ढकलली गेली, टांगेवाल्यांनी घोडे मागे रेटले. नेमके तेव्हाच आम्ही एका बाजूनं दुसऱ्या बाजूला ओलांडत होतो. मी बाचा हात धरून त्याला पलीकडच्या कमानीत ओढलं. एक लांबलचक मोटार आवाज न करता गेली. आत कोण होतं ते दिसलं नाही, काचांना पडदे होते. बा भान हरपून त्या मोटारीकडे बघत राहिला. आत बसणाऱ्याला बाहेरचं दिसत नसेल तर मोटारीत बसून उपयोग काय, असं त्यानं मला विचारलं. मला हसू आलं. गर्दी पुन्हा सुटली, रस्ता वाहू लागला आणि आम्ही तिच्याबरोबर पुढे निघालो.

तेव्हा ती हाक आली.

रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं, कमानींतून, बाईचा आवाज. बाचं नाव. नुसतं नाव, पुढेमागे मानाचं काही नाही, शेतात गड्याला मारावी तशी. आवाज उंच आणि चिरकलेला होता. पुन्हा एकदा आला.

बा चालता चालता थबकला, पण वळला नाही. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि मला म्हणाला, "ऐकलं का? इथं बाया नवऱ्याला नावानं हाका मारून राह्यल्या. भर बाजारात."

मी नवा पदवीधर. मला सगळंच माहीत होतं. मी सांगितलं की शहरातल्या शिकलेल्या बाया नवऱ्याला नावानं बोलावतात, आमच्या प्रोफेसरांच्या घरीही बोलावतात, त्यात इथं कुणाला वावगं वाटत नाही.

"नाव तर माझंच हाये," बा म्हणाला. "त्या गड्याचं काई खरं न्हाई." आणि तो मोठ्यानं हसला. मीही हसलो. ते नाव असं की जत्रेत पुकारलं तर दहा जण माना वळवतील. हैदराबादेत मराठी माणसंही पुष्कळ. एक टांगा खडखडत गेला आणि आवाज बुडाला. पुढच्या दुकानातल्या पोरानं "आइए" म्हटलं, बानं छातीला हात लावला आणि येताना येतो म्हणून सांगितलं.

शालींचं दुकान आणखी पुढे होतं. आम्ही वर चढलो. दुकानदारानं गादीवर शाली पसरायला सुरुवात केली. एक तपकिरी होती, काठाला बारीक वेलबुट्टी. मी ती उचलली आणि रंग चालेल का हे विचारायला मागे वळलो.

मागे कुणी नव्हतं.

पायरीपाशी असेल म्हणून मी खाली डोकावलो. मग जोड्यांच्या दुकानासारखी कुठं काचेपाशी उभी असेल म्हणून दोन्हीकडे पाहिलं. कमानींखालून माणसांचा लोंढा चालला होता, काळे बुरखे, शेरवान्या, लाल टोप्या. मायचं हिरवं लुगडं कुठंच नव्हतं. मला आठवतं, माझ्या हातात ती शाल तशीच होती आणि दुकानदार उर्दूत काहीतरी सांगत होता, पण मला एक शब्द कळत नव्हता.

"माय कुठं गेली?" मी बाला विचारलं.

"मागं हाये की," बा म्हणाला. आणि वळला. मग त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच तिला कुठं ठेवून आलोय.

शाल गादीवर टाकून आम्ही आल्या वाटेनं परत धावलो. पहिल्यांदा मला वाटत होतं, दहा पावलांवर सापडेल. मग वाटलं, त्या खांबापाशी असेल. मग त्या पुढच्या. तिला उर्दूचा एक शब्द येत नव्हता. आम्ही उतरलो होतो त्या धर्मशाळेचं नाव तिला माहीत नव्हतं, कारण तिनं विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं. तिच्याजवळ काही नव्हतं. भाकरीचं गाठोडंसुद्धा सकाळी मीच धर्मशाळेत ठेवायला लावलं होतं.

बा प्रत्येक लुगडं नेसलेल्या बाईच्या पुढे जाऊन तिच्या तोंडाकडे बघू लागला. एका शेरवानीवाल्यानं त्याचा दंड धरला. "क्या देख रहे हो, चौधरी? औरतों का बाज़ार है, शरम करो." बाला काय झालं ते कळलंच नाही. त्याला वाटलं, हा मदत करतोय. त्यानं त्या माणसाला मायचं वर्णन सांगायला सुरुवात केली, मराठीत, भरभर. मी मध्ये पडून माफी मागितली. तो माणूस भला होता, लगेच नरमला. पोलिसाला सांगा म्हणाला.

चौकात पोलीस उभा होता. मी त्याला सगळं सांगितलं. माझी उर्दू त्या दिवशी एकदाही अडखळली नाही, हे मला नंतर जाणवलं. पोलीस काळजी करू नका म्हणाला, हरवलेल्या बाया रोजच सापडतात. ठाण्यावर नेलं की पहिल्यांदा घरधन्याचं नाव विचारतात आणि बाजारात पुकारा करतात. नाव काय सांगेल ती?

मी म्हणालो, ती नवऱ्याचं नाव सांगणार नाही.

बरं, मुलाचं?

तेही नाही सांगणार, मी म्हणालो.

पोलिसानं मला खालून वरपर्यंत पाहिलं. "तो फिर बताएगी क्या?"

हे बोलणं बाला कळलं. शब्द सगळे नसतील कळले, पण सवाल कळला. तो पोलिसाला मराठीतच म्हणाला, "ती मरंल पण नाव घेणार न्हाई. बिलकुल न्हाई घेणार. तिच्या तोंडून कधी..." आणि तिथं त्याचं बोलणं थांबलं.

माणसाचा चेहरा एका क्षणात कसा मोडतो ते मी त्या दिवशी पाहिलं. तो खांबाला हात लावून उभा राहिला.

"ती हाक," तो म्हणाला.

मला कोणती हाक ते विचारावंच लागलं नाही. त्यानं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं. तो चिरकलेला आवाज पुन्हा कानांत वाजला. माझ्या मायचा. मला तो ओळखू आला नव्हता, कारण माय घाबरून ओरडली असं माझ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. आणि तिच्या तोंडून ते नाव येऊ शकतं, हे आमच्या दोघांच्याही कानांना ठाऊक नव्हतं. ती आमच्यासमोरच, रस्त्याच्या पलीकडे होती. आम्ही तिला दिसत होतो. तिनं जन्मभर जपलेलं भर बाजारात टाकून दिलं, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिचा नवरा आणि तिचा शिकलेला मुलगा हसत पुढे निघून गेले.

मोटार गेली त्या जागेकडे आम्ही धावलो. ओलांडताना एका सायकलवाल्यानं आम्हाला शिव्या दिल्या. बा पुढे होता. बाला एवढं पळताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

ती एका अत्तराच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. आम्ही नेमके तुटलो त्याच ठिकाणी. तिच्या दोन्ही अंगांना दोन बुरखेवाल्या बाया बसल्या होत्या आणि एकीनं तिचा हात हातात धरला होता. दुकानाचा म्हातारा मालक पुढे उकिडवा बसून तिला काहीतरी विचारत होता. नंतर त्यानं सांगितलं, "कबसे पूछ रैं, मरद का नाम बोलो बहन, हमारा छोकरा आवाज़ लगाता। बोलतीच नै।" बुरखेवाल्यांतली एक म्हणाली की कशी बोलेल, आमच्यातही कुठं घेतात. म्हाताऱ्यानं गावचं नाव विचारलं ते तिनं सांगितलं होतं, पण ते गाव पत्थरगट्टीवर कुणाच्या बापानं ऐकलेलं नव्हतं.

बा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. त्याला धाप लागली होती. मला वाटलं, माय आता रडेल किंवा चिडेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. ती त्याला पायापासून फेट्यापर्यंत बघत राहिली. हात बघितले, छाती बघितली, तोंड बघितलं.

"तुमी बरे हायेत ना?" तिनं विचारलं.

"मला काय झालंय?"

"काई लागलं न्हाई? चक्कर न्हाई आली?"

"अगं, हरवली तू आन मला काय व्हनार?"

तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. तिनं डोळे मिटले आणि पाठ भिंतीला टेकवली. बाला तिनं हात लावला नाही, चारचौघांत ती लावणार नव्हतीच. माझं मनगट धरलं, आणि ते इतकं घट्ट की तिच्या बांगड्या माझ्या हाडाला रुतल्या. आणि तेव्हा मला कळलं, एवढा वेळ ती पायरीवर बसून कशाला भीत होती. हरवल्याची भीती तिला होतीच, पण ती वरवरची. आपण नाव घेतलं, आता या माणसाचं काहीतरी होणार, या गर्दीत, या मोटारींत, आणि ते आपल्या तोंडानं झालेलं असणार, अशी भीती तिच्या आत बसली होती. ही भीती हसण्यासारखी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या मायचा त्या वेळचा हात धरलेला नाही.

म्हाताऱ्यानं आम्हा तिघांना चहा पाजला. पेला हातात घेऊन माय जरा सावरली आणि मग तिचा नेहमीचा स्वर परत आला.

"म्या हाक मारली," ती म्हणाली. बाकडे न बघता, पेल्याकडे बघत.

"ऐकली," बा म्हणाला.

"ऐकली? मंग वळले काहून न्हाई?"

बा फेटा सारखा करू लागला. "मला वाटलं दुसऱ्या कुणाची बायको हाये."

"नाव तुमचं व्हतं."

"आवाज वळखू आला न्हाई."

"न्हाई वळखू आला?" माय म्हणाली. "जल्मभर तुमच्यावर वरडून राह्यले, आन आवाज वळखू आला न्हाई? त्या दुकानावाल्यांच्या पोराटोरांला ओ देत चाल्लेत, आता न्हाई दादा, येताना येतो. बायकोला ओ द्यायला काय झाल्तं?"

बुरखेवाल्या बायांना शब्द कळले नसावेत, पण सूर कळला. त्या पदराआड हसाव्यात तशा बुरख्याआड हसल्या. म्हाताराही हसला. बा मात्र हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता, आणि मला त्याच्या तोंडावर आश्चर्य दिसलं. इतकी वर्षं घरात असलेल्या बाईकडे तो नव्यानं बघत होता.

"आदी अवं म्हनले," माय जरा खालच्या आवाजात म्हणाली. "बाळा म्हनले. चार लोकं वळले, तुमी दोघं न्हाई. मंग दिसंनासे व्हायला लागले. मंग म्हनलं आता काय करावं." तिनं पेला खाली ठेवला. "सासऱ्याचं घ्यायचं का नवऱ्याचं, येवढाच इचार केला."

मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं की आमच्या घरात अवघड निर्णय बा घेतो आणि आता शिकल्यावर मी घेणार. पत्थरगट्टीच्या त्या गोंगाटात, दोन नावांपैकी कोणतं पाप पत्करायचं हे तिनं एकटीनं ठरवलं होतं. तेही आम्ही दिसेनासे व्हायच्या आत.

शाल राहून गेली. त्या दुकानात पुन्हा जायची कुणाचीच इच्छा उरली नव्हती. त्या संध्याकाळी मीही त्यांच्याबरोबर गाडीत बसलो. जालन्यापर्यंत पोचवून परत यायचं असं ठरवलं, मग जालन्याला उतरल्यावर गावापर्यंतच जावं असं वाटलं. पाहुण्यांकडे ठेवलेली बैलगाडी जुंपली. सकाळची थंडी चांगलीच झोंबत होती आणि दोन्हीकडच्या रानांत हरभरा घाट्यांवर आला होता. बा पुढे बसून बैल हाकत होता, माय आणि मी मागे.

मग मायनं सांगितलं की आजपासून ती मंगळवार धरणार. पिंपळगावच्या रेणुकाईचा उपास.

"कशापाई?" बानं विचारलं.

"घेतलं न्हाई का नाव. तुमच्या जिवाला काई होऊ नये म्हनून."

बानं बैलांना उगीच हटकलं. थोडं पुढे गेल्यावर, मागे न बघता, तो म्हणाला, "मंग मी बी धरतो."

माय दचकली. खरोखर दचकली, तिनं माझ्याकडे पाहिलं की हा काय बोलतोय. बाईनं नवऱ्यासाठी उपास करावा हे जगाच्या रीतीतलं. नवऱ्यानं बायकोसाठी केलेला उपास आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. "लोकं हसतेल," ती म्हणाली.

"हसू दे."

"तुमी काहून धरायचा? तुमी काय केलं?"

"म्या ऐकलं न्हाई का, आन तरी वळलो न्हाई," बा म्हणाला.

मायनं पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि रानाकडे तोंड केलं.

पहिल्या मंगळवारी मी गावातच होतो. दुपारी गड्यांच्या भाकरी आल्या तेव्हा बा बांधावर बसला होता. भूक त्याला मुळीच सोसत नसे, न्याहारीला उशीर झाला तरी घर डोक्यावर घ्यायचा. गड्यांनी विचारलं, काय मालक, जेवायचं नाही का? त्यानं पोटाचं काहीतरी कारण सांगितलं. मायनं त्याची भाकरी तरीही आणली होती. ती त्याच्यापुढे धरून हळूच म्हणाली की खा, तुम्हाला नाही जमायचं, देवीला मी सांगते. बानं भाकरी गड्याच्या पुढ्यात सारली, मातीच्या केळीतलं पाणी ओंजळीनं प्यायला आणि औतामागे निघून गेला.